निगडी दात काढते

निगडीच्या पानाला बोटं किती, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या ओढ्याची निगडी? झुडपाच्या बुडाचं पान की शेंड्याचं? माणूस वैतागतो. त्याला 'पाच' ऐकायचं असतं, कारण पुस्तकातल्या चित्रात पाच काढलेली असतात. माझी उमेदीची वर्षं निगडीचा पाला निवडण्यात गेली, त्यामुळे नुसतं 'पाच' म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. तसं गप्प बसणं मला एकूणच कमी जमलं, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

संपादकांनी मला 'औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील स्त्रिया' असा भारदस्त विषय दिला आहे. क्षेत्र वगैरे काही नव्हतं हो. सांगलीत आयुर्वेदिक औषधांचा एक कारखाना होता, त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबलचक खोली होती. तिला निवडणीखाना म्हणत. तिथं आम्ही बायका फतकल मारून पाला निवडत असू, आणि मी त्या बायकांची मुकादम होते. सासर कुंडलचं, घरात ऊस, आणि दर पिढीत कुणी ना कुणी पलटणीत. लढाई पेटली, आमचे यजमान पलटणीबरोबर दूर देशी गेले, तशी मी सांगलीला मावशीकडे येऊन कामाला लागले. घरात मोठी बोंब झाली. सासरे म्हणाले, "सुभेदाराची सून दुसऱ्याच्या दारात पाला निवडती व्हय?" मी म्हटलं, "मामंजी, घरात बसून तांदूळच निवडते. तिथं पाला निवडीन." त्यावर त्यांनी पगडी घातली आणि ते चावडीवर निघून गेले. मी तेवढ्यात बोचकं बांधून घेतलं.

शहरात जिला निरगुडी म्हणतात तीच आमची निगडी. नदीकाठी, ओढ्याकाठी, बांधावर हे झुडूप आपोआप येतं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, वास उग्र म्हणून. माणसाचं मात्र तिच्यावाचून अडतं. पाय मुरगळला, सांधा सुजला, की पाला उकळून शेक घ्यायचा. धान्याच्या कणगीत पाला टाकला की किडा लागत नाही. सातारा जिल्ह्यात निगडी नावाची गावं आहेत, ती हिच्याच नावावर वसली असणार असं मी छातीठोक सांगते. हिचं पान म्हणजे हाताचा पंजा. एका देठाला तीन, चार, पाच बोटं, मधलं लांब, कडेची आखूड. आमच्या धंद्यात अख्खा पंजा म्हणजे एक पान. हे बाहेरच्यांना माहीत नसतं, आणि त्यावरून गमती होतात.

औषध विकायच्या खिडकीवरचा माणूस आला नाही तर तिथं मला बसवत. एकदा पलूसचे एक म्हातारबा काठी आपटत आले. "आवं बाई, तुमचा पाला निस्ता कचरा हाय! कवापासनं शेकतोय, घोटा हाय तसाच." मी विचारलं, आबा, एका वेळेला किती पाला घेता? "वैद्यांनी पाच पानं सांगितल्यात. म्या पाचच घेतो." आणि त्यांनी कोपरीच्या खिशातून एक सुकलेला पंजा काढला आणि माझ्यासमोर एकेक बोट मोजलं. पातेलंभर पाण्यात हा गृहस्थ एक पान उकळत होता! मी म्हटलं, आबा, हे एकच पान आहे. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी त्यांना ओंजळभर पाला बांधून दिला, तो त्यांनी घेतला, आणि जाताना फाटकावरच्या माणसाला म्हणाले, "आत बसलेल्या बाईला मोजाया येत न्हाई, तिला दुसरं काय तरी काम द्या."

दुसरा दादू पैलवान. तोही पलूसकडचाच. गुडघा भोपळ्याएवढा सुजवून आला होता. त्याला तीन बोटांचाच पाला हवा होता, पाच बोटांचा पुढं केला तर हात मागं घेई. का, तर म्हणे, "आक्का, पाच बोटं म्हंजे पंजा पुरा झाला. पुरा पंजा गुडघ्यावर बसला की पकड बसती. गुडघा सुटंल कसा?" आता याला काय सांगावं? फुलांच्या तुऱ्याजवळची पानं बहुतेक तीन बोटांची असतात, खालची पाचांची. पाला तोच, गुण तोच. पण पैलवानाशी पकडीवरून वाद कोण घालणार? मी बायकांना तुऱ्याजवळचा पाला वेगळा काढायला लावला. महिन्याभरात गडी बैठका मारू लागला आणि सगळीकडे सांगत सुटला की पाल्यात अक्कल लागते.

अक्कल लागत होती, हे खरं. पाटणकडून, कोयनेच्या खोऱ्यातून यायचा तो पाला माझ्या पसरलेल्या हाताएवढा, पातळ, लुसलुशीत. पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचा पाला बारका, जाड, मागून पीठ फासल्यासारखा पांढरा, आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी दोन ढीग करून मोकळी व्हायची. एक निगडी, दुसरी 'कायतरी भलतंच'. मग मी तिला बांधावर नेई. एकाच झुडपाच्या सावलीतल्या फांदीचं पान मोठं, उन्हातल्या फांदीचं लहान, हे तिच्या डोळ्यांनी बघायला लावी. आकार बघू नको, असं मी सांगे. काडी बोटांत फिरव, चार कंगोरे लागतात का बघ. पान उलटं कर, पांढुरकं आहे का बघ. चुरडून नाकाला लाव. या तीन गोष्टी जुळल्या की ती निगडी, मग तिचं तोंड कसंही असो. एका आईची लेकरं तरी कुठं एकसारखी असतात?

पण ही गोष्ट लेबलाला कोण सांगणार! आमच्या शेकाच्या पाल्याच्या पुड्यावर एक लेबल असे. त्यावर निगडीचं हिरवं पान छापलेलं, पाच बोटांचं, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. लढाईत कागद मिळेनासा होणार हे ओळखून कारखान्याच्या मालकांनी त्या लेबलांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून ठेवले होते. मालक हुशार माणूस. वैद्याच्या घरात जन्मलेले, संस्कृत तोंडपाठ, आवाज कधी चढायचा नाही. परदेशी औषधं येईनाशी झाली तशी आमच्या पाल्याला मागणी इतकी वाढली की तोडून पुरेना. तेव्हा त्यांनी फर्मान काढलं. पानं खुडत बसू नका, झुडूप बुडातून कापा, अख्ख्या फांद्या आणा, पानं इथं झाडून घेऊ. मी ते पाला आणणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. त्यांतच हौसाबाई होती.

हौसाबाई धनगरीण. माझ्याहून थोडी मोठी, कपाळावर गोंदण, बोलणं तोडून. तिचं गाव आटपाडीकडच्या माळावर. पाऊस संपला की तिचा मेंढरांचा वाडा, म्हणजे भाऊबंदांची चार कुटुंबं, मेंढरं आणि घोड्यांवर लादलेला संसार, कृष्णाकाठी पलूस-कुंडलकडे उतरायचा. शेतकरी आपल्या रानात रात्रीची मेंढरं बसवून घेत, लेंडीखत पडतं म्हणून, आणि बदल्यात जोंधळा देत. त्या जोंधळ्यावर वाड्याचं निम्मं वर्ष निघे. मेंढरांमागं फिरताना हौसाबाई ओढ्याकाठची निगडी तोडे आणि बाजारच्या दिवशी पलूसला आमच्या गाडीवानाकडे देई. तिच्या पाल्यात गवताची काडी सापडत नसे. माझ्या खोलीतल्या बायका तिचं बोचकं आपल्या वाट्याला यावं म्हणून भांडत.

बुडातून कापायला लागलो त्याच्या पुढच्या वर्षी हौसाबाईचा पाला आला तो निराळाच. पानांच्या कडा करवतीसारख्या. प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी दात. माझ्या खोलीत एकदम कुजबुज सुरू झाली. मी काडी फिरवली, पान उलटं केलं, चुरडलं. निगडीच. जुन्या वैद्यांच्या तोंडी 'कातरी निगडी' असा शब्द मी ऐकला होता, ही तीच असणार असं म्हणून पाला वाळवायला टाकला, आणि पुडे भरून साताऱ्याला गेले.

तिथल्या व्यापाऱ्यानं ते परत पाठवले. चित्रातलं पान निराळं आणि आतलं निराळं, तुम्ही भेसळ करता, असा निरोप. मालकांनी मला काही विचारलं नाही. पुढच्या बाजारी गाडीवानाबरोबर कारखान्याचा दुसरा एक माणूस गेला, आणि पलूसच्या भर बाजारात त्यानं दवंडी देवविली. ऐका होऽ ऐका! हौसाबाई धनगरणीच्या पाल्यात भेसळ गावली हाय होऽ! कारखान्यानं तिचा पाला बंद केला हाय होऽ!

मला हे कळलं ते हौसाबाई पलूसहून चालत सांगलीला आली तेव्हा. फाटकावरच्या माणसाला न जुमानता ती थेट निवडणीखान्यात घुसली आणि तिनं काखेतलं बोचकं माझ्यापुढं आपटलं.

"आनसाक्का, ह्यात काय भेसळ हाय ती काढून दावा."

मी म्हटलं, बस, पाणी घे. ती बसेना.

"पाल्याचं जाऊ द्या. तुमचा पाला तुमच्या उरावर ठेवा. पर गावात कोन रानात मेंढरं बसवू देईना. म्हनत्यात, जी बाई पाल्यात भेसळ करती ती रातचं मेंढरं आमच्या शाळूत घालनार न्हाई कशावरनं? चार घरची लेकरं हाईत माज्या वाड्यात. त्यास्नी काय खाऊ घालू? लेबल?"

हे ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, चल, मला ती निगडी दाखव. मी तशीच उठले आणि परत जाणाऱ्या गाडीतून तिच्याबरोबर पलूसला गेले. ओढ्याच्या एका काठाला तिनं आदल्या वर्षी विळ्यानं कापलेली झुडपं, दुसऱ्या काठाला न कापलेली. न कापलेल्यांची पानं लेबलावरच्यासारखी, साधी, सरळ कडांची. कापलेल्यांच्या बुडातून जोमानं धुमारे फुटले होते आणि त्यांच्या पानांना दात. एक धुमारा उंच वाढला होता, त्याची खालची पानं दातेरी आणि शेंड्याची गुळगुळीत. एकाच काडीवर दोन्ही. ती काडी मी मोडून घेतली. बुडातून कापा असं फर्मान काढणारे आम्हीच, आणि कापल्यावर आलेलं पान खोटं म्हणणारेही आम्हीच!

हौसाबाईला त्याचं काहीच नवल नव्हतं. "मेंढरू कातरलं की मऊ लोकर येती. निगडी कापली की ती दात काढती. जिचा तिचा सोभाव," ती म्हणाली.

ती काडी घेऊन मी मालकांसमोर उभी राहिले. मला वाटलं होतं, बघितल्यावर ते चकित होतील, हळहळतील. त्यांनी काडी हातातसुद्धा घेतली नाही.

"अनसूयाबाई, मला ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "लहानपणी वडिलांबरोबर मीही पाला तोडलाय. निगडी आहे ती."

"मग दवंडी कशाला दिली?"

"गिऱ्हाईक चित्र बघतं. निगडी बघत नाही. लेबलं आता बदलता येत नाहीत, धनगरीण बदलता येते." मग म्हणाले, "साताऱ्याचे व्यापारी उद्या येताहेत. तुम्ही मुकादम आहात. तुमच्या तोंडून त्यांनी ऐकलं की पाला खोटा होता आणि आपण तो बंद केला, की प्रकरण मिटेल."

माणूस अज्ञानी असता तर मी समजू शकले असते. त्याला शिकवता येतं. हा सगळं जाणून होता, आणि त्याच्या लेखी एक बाई आणि तिचा वाडा त्या कागदाच्या गठ्ठ्यापेक्षा स्वस्त होता. त्या दिवशी मला जो राग आला तो आजही उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आले. चांगले गृहस्थ होते, जरीकाठी पागोटं, हातात तो परतलेला पुडा. मालक म्हणाले, "अनसूयाबाई, सांगा यांना." खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. नोकरी गेली तर कुंडलला जाऊन सासऱ्यांचं ऐकावं लागणार होतं.

मी म्हटलं, "पाला खरा आहे. चित्र अर्धं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रकारानं एकच पान बघितलं. आम्ही रोज ढीग बघतो. हौसाबाईनं भेसळ केलेली नाही, आणि केली असं मी म्हणणार नाही."

व्यापारी मालकांकडे बघू लागले, मालक छताकडे. संध्याकाळी मला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. बायकांनी माझ्या पिशवीत कुणी भाकरी, कुणी गूळ कोंबला आणि एकीनं मूठभर पाला. तो वास घेत मी फाटकाबाहेर पडले, आणि सासरी न जाता पलूसचा बाजार गाठला.

दवंडीवाला तोच होता. मी त्याला काय सांगायचं ते सांगितलं तसा तो चपापला. "आक्का, मागल्या बाजारी म्याच उलटं सांगितलंय. लोक हसतील की मला."

"हसू देत. मागल्या बाजारी तुमचं ऐकलं, ह्या बाजारीबी ऐकतील. तुमी वाजवा."

आणि त्यानं वाजवली. ऐका होऽ ऐका! हौसाबाईचा पाला खरा हाय होऽ! कारखान्याचं चित्तर अर्धं हाय होऽ! बाजार थांबला. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. मी धान्याच्या पोत्यावर चढले, डोक्यावरचा पदर सावरला आणि ती काडी वर धरली. बुडाला दात, शेंड्याला गुळगुळीत. कारखान्यानं कापायला लावली, कापल्यावर हिनं दात काढले, यात हौसाबाईचा काय गुन्हा? असं मी घसा ताणून विचारलं. काडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागली.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "ह्या बाईचं ऐकू नगासा! तिला मोजाया येत न्हाई!" बघते तर पाच पानांचे म्हातारबा. सगळा बाजार खो खो हसला. माझे कान तापले. आता खाली उतरावं की काय असं वाटत असताना दादू पैलवान गर्दी बाजूला सारत पुढं आला. त्यानं धोतर वर करून आपला गुडघा सगळ्यांना दाखवला, जशी काय मानाची गदाच दाखवतोय.

"मोजाया नसंल येत तिला, पाला वळखाया येतो न्हवं? ह्यो गुडघा तिच्या पाल्यानं उतरलाय. हौसाबाई, आन तुजी मेंढरं. माज्या रानात बसव, बघू कोन काय म्हनतंय." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "पर आक्का, मला आपला तीनच बोटांचा."

हौसाबाई बाजाराच्या कडेला घोंगडं पांघरून उभी होती. ती माझ्याकडे आली नाही, आभार वगैरे काही म्हणाली नाही. घोड्याचा दोर सोडला आणि दादूच्या रानाच्या वाटेला लागली. तिच्यामागं तिची मेंढरं धूळ उडवत गेली. पुढच्या आठवड्यात दादूच्या शेजाऱ्यानं बोलावलं, मग त्याच्या शेजाऱ्यानं. सगळ्यांनी नाही बोलावलं. काही घरं शेवटपर्यंत तिला 'भेसळवाली' म्हणत राहिली. एकदा पिटलेली दवंडी पुरती पुसता येत नाही, याची खंत मला आहे.

मालकांचा निरोप आला होता, माझ्यामागं निवडणीखान्यात घोळ माजला म्हणून. मी कळवलं की लेबलावर दातेरी पान छापा, मग येते. ते काही झालं नाही. कुंडलला सासऱ्यांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आमचे यजमान लढाईवरून परतले, ते उंबऱ्यातच विचारते झाले, "भर बाजारात दवंडी पिटलीस म्हनं?" पिटली, मी म्हटलं. ते पिशवी खाली ठेवून इतके हसले की सासऱ्यांना आतून बाहेर यावं लागलं. त्यानंतर मी कुंडललाच पाला निवडत राहिले, गावच्या वैद्यांसाठी. पण पत्र्याच्या खोलीतला तो वास, बायकांची ती बडबड, त्याची आठवण मला अजून छळते. ते माझं काम होतं, आणि मी ते फार चांगलं करत होते.

मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्तानं साताऱ्याला गेले होते. गुडघे धरले होते, म्हणून पेठेतल्या औषधांच्या दुकानात निगडीचा पाला मागितला. मुलानं पुडा काढून दिला. तोच कारखाना, तेच लेबल, हिरवं पान, पाच बोटं, सुरीनं कापल्यासारख्या कडा. मी तिथंच दुकानाच्या फळीवर पुडा फोडला आणि पाला ओतला.

सगळा दातेरी. इतक्या वर्षांत झुडपं कापून कापून दुसरं काही उरलंच नसावं. चित्र होतं तसंच, आत हौसाबाईचा पाला.

मला हसू आवरेना. मुलगा घाबरला. "काय झालं आज्जी? पाला खराब निघाला का?"

"पाला खरा आहे रे बाबा," मी म्हटलं. "चुरडून वास बघ. मी आपली दात काढतेय."